‘प्राइड अँड प्रेजुडिस’ प्रथमच वाचताना : भेटी, नाच, पत्रे आणि मागण्या

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ हाती घेतलेला नवा वाचक बहुधा पहिल्याच प्रकरणात अडखळतो. जवळचे नेदरफील्ड नावाचे मोठे घर बिंगली नावाच्या एका श्रीमंत, अविवाहित तरुणाने भाड्याने घेतले आहे, लाँगबर्नच्या बेनेट कुटुंबात पाच मुली आहेत, आणि मिसेस बेनेट नवऱ्याच्या मागे लागल्या आहेत की तुम्ही आधी त्याच्याकडे जाऊन या. एवढी घाई असेल तर त्यांनी स्वतःच जायला काय हरकत आहे, हा प्रश्न आपल्याला पडतो. कादंबरीतल्या कोणालाही तो पडत नाही. त्याचे उत्तर तेव्हाच्या इंग्रज वाचकाला ठाऊकच होते, म्हणून ऑस्टिन ते सांगत बसत नाही. मी महाविद्यालयात असताना ही कादंबरी प्रथम वाचली, तेव्हा पहिली शंभर पाने ‘यात चहा आणि गप्पांपलीकडे काही घडतच नाही’ अशी कुरकुर करीत काढली. घडत बरेच होते, पण ते कोण कोणाकडे आधी गेले, कोणी कोणाबरोबर किती वेळा नाच केला आणि कोणी कोणाला पत्र लिहिले नाही, यातून घडत होते. तरुण-तरुणींना मनातले उघड बोलण्याची सोय नसलेल्या त्या समाजात शिष्टाचार हीच बोलण्याची भाषा होती. ती निदान वाचण्यापुरती यावी, म्हणून या पायऱ्या. त्यांत कथानक बरेच उघड होते. ज्यांना ते आधी कळू द्यायचे नसेल त्यांनी दुसऱ्या पायरीनंतर थांबावे, कादंबरी संपवावी आणि मग परत यावे. प्रकरणांचे क्रमांक मी एकूण ६१ प्रकरणांच्या आवृत्तीप्रमाणे देतो. तीन खंडांत विभागलेल्या आवृत्तीत प्रत्येक खंडात आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात.

पहिली पायरी : पैशाचा हिशेब मांडून ठेवावा

कादंबरी २८ जानेवारी १८१३ रोजी लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. किंमत १८ शिलिंग होती, मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते, आणि तिने हक्क प्रकाशकाला ११० पौंडांना विकून टाकले होते. राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्यामुळे १८११ ते १८२० या काळात युवराज राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता, त्यावरून या काळाला ‘रीजन्सी’ म्हणतात.

वाचताना शेजारी एक कोरा कागद ठेवावा आणि पात्र आले की त्याच्या नावापुढे आकडा लिहावा, कारण ऑस्टिन तो जवळजवळ नेहमीच देते. बिंगलीचा मित्र डार्सी याचे उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड आहे. बिंगलीला वडिलांकडून सुमारे १ लाख पौंड मिळाले आहेत, म्हणजे वर्षाला चार-पाच हजार. मिस्टर बेनेट यांच्या जमिनीतून वर्षाला २,००० पौंड येतात, पण ती जमीन केवळ पुरुष वारसाकडेच जाईल अशी कायदेशीर अट असल्यामुळे त्यांच्यानंतर ती कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातेवाइकाला मिळणार आहे. मुलींच्या वाट्याला काय येईल, हे कॉलिन्स स्वतःच एलिझाबेथला, म्हणजे दुसऱ्या मुलीला आणि कादंबरीच्या नायिकेला, सुनावतो : आईच्या मृत्यूनंतर चार टक्के व्याजाचे १,००० पौंड, म्हणजे वर्षाला ४० पौंड. वडिलांचे वर्षाचे २,००० आणि मुलीचे वर्षाचे ४०, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की मिसेस बेनेट यांचा आरडाओरडा वेगळा ऐकू येऊ लागतो. बाई मूर्ख आहेत हे खरेच, पण त्यांना हिशेब येत नाही असे मात्र नाही.

आकड्याइतकेच पैसा कोठून आला हेही महत्त्वाचे आहे. जमिनीवर जगणारा तो ‘जंटलमन’; व्यापारात असलेला माणूस कितीही श्रीमंत असला तरी एक पायरी खाली. बिंगलीच्या बहिणी लंडनमधल्या व्यापारी वस्तीत राहणाऱ्या एलिझाबेथच्या मामाला हसतात, आणि त्यांची स्वतःची श्रीमंती व्यापारातूनच आलेली आहे हे सोयीने विसरतात. पैसा नसलेल्या मुलीपुढे वाटा किती थोड्या होत्या, हे ऑस्टिनने घरातच पाहिले होते. तिची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये जहाजाने हिंदुस्थानला निघाली आणि पुढच्या वर्षी कडलूर येथे कंपनीच्या नोकरीतल्या एका शल्यवैद्याशी तिचे लग्न झाले.

दुसरी पायरी : ओळख कोणी करून दिली ते पाहावे

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. गावात नवीन कुटुंब आले की आधीपासून राहणाऱ्या घरातल्या पुरुषाने जाऊन भेट द्यायची, नव्या माणसाने परतभेट द्यायची, आणि त्यानंतरच घरातल्या बायकांची ओळख सुरू व्हायची. घरात फक्त अविवाहित पुरुष असेल तर बायकांनी आपण होऊन जाण्याचा प्रश्नच नव्हता. मिस्टर बेनेट गुपचूप जाऊन येतात आणि बायकोला मुद्दाम ताटकळत ठेवतात. बिंगली परतभेटीला येतो, त्यांच्या ग्रंथालयात दहाएक मिनिटे बसतो आणि जातो. मुलींना वरच्या खिडकीतून त्याचा निळा कोट आणि काळा घोडा एवढेच दिसते.

दुसरा नियम असा की कमी दर्जाच्या माणसाने वरच्या दर्जाच्या माणसाशी आपण होऊन ओळख काढायची नाही. ओळख ठेवायची की नाही हे वरच्याने ठरवायचे. नेदरफील्डच्या नृत्यसमारंभात कॉलिन्स उठून थेट डार्सीसमोर जातो आणि स्वतःची ओळख करून देतो, तेव्हा एलिझाबेथ त्याला आधीच परोपरीने आवरण्याचा प्रयत्न करते. डार्सीच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य आणि नंतरचा थंड नमस्कार हा विनोद नियम माहीत असेल तरच कळतो.

परतभेटीला किती दिवस लागले, हेही मोजावे. एलिझाबेथची थोरली बहीण जेन लंडनला जाऊन बिंगलीच्या बहिणीला, मिस बिंगलीला, भेटून येते आणि मग पंधरा दिवस रोज सकाळी घरी वाट पाहत बसते. मिस बिंगली शेवटी येते, उशिराबद्दल चार औपचारिक शब्द बोलते, पुन्हा भेटण्याविषयी चकार शब्द काढत नाही आणि लगेच निघून जाते. भांडण झालेले नाही, अपशब्द नाही, तरी मैत्री संपली, हे जेनसारख्या भोळ्या मुलीलाही कळून चुकते. (‘सकाळ’ म्हणजे जेवणापर्यंतचा सगळा वेळ, आणि नेदरफील्डला रात्रीचे मुख्य जेवण साडेसहाला असते, हे लक्षात ठेवले म्हणजे ‘सकाळच्या भेटी’ दुपारी कशा होतात याचा घोळ होत नाही.)

तिसरी पायरी : नावे आणि मान

थोरली मुलगी नुसती ‘मिस बेनेट’, धाकट्यांना मात्र ‘मिस एलिझाबेथ’, ‘मिस लिडिया’ असे नावासह संबोधायचे. थोरली हजर नसली की तिच्या पाठचीच ‘मिस बेनेट’ होते, म्हणून केंटमध्ये एलिझाबेथला त्या नावाने हाक मारतात आणि नवा वाचक जेन कोठून आली म्हणून मागची पाने उलटतो. नुसत्या पहिल्या नावाने हाक फक्त घरचे आणि अगदी जवळचे लोक मारतात. डार्सी आणि बिंगली जिवलग मित्र असूनही एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. मिसेस बेनेट नवऱ्याला एकांतातही ‘मिस्टर बेनेट’ म्हणतात. ‘अहो’ ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘लेडी’नंतर पहिले नाव आले तर ती जन्माने उमरावाची मुलगी, उदाहरणार्थ डार्सीची मावशी लेडी कॅथरिन, आडनाव आले तर तो मान नवऱ्यामुळे मिळालेला, उदाहरणार्थ लेडी ल्यूकस. लेडी कॅथरिनचा ताठा कोठून येतो, हे या एका शब्दात आहे.

मानाचा क्रम जेवणघरात शिरताना दिसतो. ५१ व्या प्रकरणात सोळा वर्षांची, सर्वांत धाकटी लिडिया, घराण्याची पुरती बेअब्रू करून आणि कशीबशी लग्न लावून दिली गेल्यावर, माहेरी येते आणि थोरल्या बहिणीला ऐकवते की आता तुझी जागा माझी, तू मागे हो, कारण मी लग्न झालेली आहे. नियमाने ती बरोबर आहे, आणि म्हणूनच तो प्रसंग इतका बोचतो.

चौथी पायरी : नाच मोजावेत

एका जोडीदाराबरोबर लागोपाठ दोन नाच करायचे अशी रीत होती आणि ते दोन मिळून अर्धा तास चालायचे. बापाच्या नाहीतर आईच्या देखत, सगळ्या गावासमोर, पण एका माणसाशी जवळपास एकट्याने बोलण्याची ही जवळजवळ एकमेव संधी होती. त्यामुळे कोणी कोणाला दुसऱ्यांदा विचारले, ही बातमी होती. जवळच्या मेरिटन गावातल्या सार्वजनिक नृत्यसभेहून परतल्यावर मिसेस बेनेट नवऱ्याला बिंगलीच्या एकेका जोडीदारिणीची यादी ऐकवतात ती उगाच नव्हे. दुसऱ्यांदा विचारलेली मुलगी जेन एकटीच आहे.

त्याच रात्री डार्सी फक्त बिंगलीच्या दोन बहिणींबरोबर नाचतो आणि एलिझाबेथला ऐकू जाईल अशा बेताने तिला नाकारतो. आपण हा केवळ फटकळपणा समजतो. पण त्या दिवशी पुरुष कमी होते, मुली जोडीदाराअभावी बसून होत्या, आणि अशा वेळी नाचता येणाऱ्या पुरुषाने बाजूला उभे राहणे ही यजमान गावाची उपेक्षा होती. पुढे रोझिंग्जला, म्हणजे लेडी कॅथरिनच्या केंटमधल्या घरी, एलिझाबेथ हेच काढते. आपली त्या खोलीत कोणाशी ओळख नव्हती, असे डार्सी म्हणतो. नाचाच्या दालनात ओळख करून देताच येत नाही, नाही का, असे ती विचारते. दुसरी पायरी नीट वाचली असेल तर हा टोला किती वर्मी बसला ते कळेल.

मुलीच्या बाजूचा नियम कडक होता. एकाला नकार दिला तर त्या रात्री दुसऱ्या कोणाबरोबरही नाचता येत नसे. नेदरफील्डच्या समारंभात कॉलिन्स पहिल्या दोन नाचांसाठी एलिझाबेथला आधीच मागून घेतो आणि तिला होकार देणे भाग पडते. तो उलट्या बाजूला वळतो, चुकतो, माफी मागत राहतो. नंतर तो पुन्हा विचारतो. ती नकार देते, तो मुळीच रागावत नाही, उलट रात्रभर तिच्या शेजारी उभा राहतो, आणि तिला इतर कोणाबरोबरही नाचता येत नाही. ऑस्टिन हे अर्ध्या वाक्यात सांगून पुढे जाते. नियम माहीत नसलेला वाचक ते अर्धे वाक्य सहज ओलांडतो.

पाचवी पायरी : पत्र कोणी लिहिले नाही ते शोधावे

वाङ्निश्चय झाल्याखेरीज अविवाहित स्त्री-पुरुषांनी एकमेकांना पत्र लिहायचे नाही. बिंगली अचानक लंडनला निघून जातो तेव्हा ‘त्याने जेनला दोन ओळी तरी लिहायच्या होत्या’ असे नव्या वाचकाला वाटते. तो लिहूच शकत नव्हता. म्हणून त्याच्याविषयी जे काही कळते ते बहिणीच्या पत्रातून, तिने ठरवले तेवढेच कळते. संपूर्ण गैरसमज या एका नियमावर उभा आहे.

त्याच कारणाने ३५ व्या प्रकरणात डार्सी टपालाने पत्र पाठवत नाही. तो रोझिंग्जच्या झाडीत फिरत वाट पाहतो, हातात पाकीट देतो, ते वाचण्याची कृपा कराल का एवढे विचारतो, लवून नमस्कार करतो आणि निघून जातो. दोन कागद बारीक अक्षरांत काठोकाठ भरलेले, वरचे वेष्टनही लिहून भरलेले. हे पत्र कोणाच्या हाती लागले असते तर बदनामी एलिझाबेथची झाली असती, आणि आपल्या बहिणीची नाजूक गोष्ट त्यात लिहून त्याने स्वतःच्या घराची अब्रूही तिच्या हाती दिली आहे.

सहावी पायरी : गोड बोलणाऱ्यालाही तेच नियम लावावेत

नव्या वाचकाने या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा असे मला वाटते. विकम हा देखणा, मोकळा, सर्वांशी नम्र असा लष्करी तरुण. मेरिटनच्या रस्त्यावर त्याची ओळख होते आणि दुसऱ्याच संध्याकाळी, पत्त्यांचा डाव चालू असताना, तो एलिझाबेथला डार्सीने आपल्यावर केलेल्या अन्यायाची सगळी कहाणी सांगतो. आपण ती भक्तिभावाने ऐकतो, कारण एलिझाबेथ तशी ऐकते. पण इथे थांबून विचारावे : आदल्या दिवशी ओळख झालेल्या मुलीला तिसऱ्या माणसाच्या घरातल्या खाजगी गोष्टी सांगणे त्या समाजात चालत होते का? मुळीच नव्हते. ३६ व्या प्रकरणात, पत्र वाचून झाल्यावर, एलिझाबेथला हा अनुचितपणा एकदम दिसतो आणि तो आधी कसा दिसला नाही याचे तिला आश्चर्य वाटते. पुरावा पहिल्यापासून समोर होता. डार्सीचे वागणे रुक्ष म्हणून तिने त्याचा प्रत्येक दोष मोजला, विकमचे वागणे गोड म्हणून त्याला सगळे माफ केले.

शिष्टाचाराचे पुस्तक तोंडपाठ असलेला कॉलिन्स, तो अंगात मुरलेला विकम आणि तो पाळण्याची गरजच न वाटणारा डार्सी, हे तिघे म्हणूनच एका कादंबरीत आहेत. त्यांच्या जोडीला लेडी कॅथरिनला ठेवावे. ती लाँगबर्नला न कळवता येते, नमस्काराला किंचित मान हलवते, घरच्या मालकिणीशी ओळख करून घेण्याची तसदी घेत नाही आणि घराभोवतीचे आवार केवढे लहान आहे ते सांगू लागते. त्या दिवाणखान्यात सर्वांत असभ्य माणूस सर्वांत मोठ्या मानाचा आहे.

सातवी पायरी : तीन मागण्या शेजारी ठेवून वाचाव्यात

पहिली मागणी १९ व्या प्रकरणात. कॉलिन्स आधी आईकडे मुलीशी एकांतात बोलण्याची परवानगी मागतो, मग लग्न करण्याची आपली कारणे क्रमाने मांडतो, आणि एलिझाबेथने स्पष्ट नकार दिल्यावर मुली पहिल्यांदा नाहीच म्हणतात असे म्हणून तो नकार होकारात जमा करतो. रीत सगळी बरोबर, समोरच्या माणसाचा मात्र पत्ता नाही. तीन दिवसांत तो एलिझाबेथची मैत्रीण शार्लट ल्यूकस हिला विचारतो आणि ती हो म्हणते. तिच्यावर रागावण्याआधी पहिल्या पायरीचा कागद पाहावा : वय २७, रूप बेताचे, पैसा जवळजवळ नाही.

दुसरी मागणी ३४ व्या प्रकरणात डार्सीची. त्याला आपल्या प्रेमापेक्षा तिच्या घराण्याचे कमीपण अधिक विस्ताराने सांगावेसे वाटते. तिच्या उत्तरातला एकच शब्द त्याला पुढे महिनोन्‌महिने छळतो, आणि तो ‘जंटलमन’ हाच आहे. तुमचे वागणे तसे नव्हते, असे ती त्याला सांगते. दहा हजारांच्या धन्याला दोन हजारांच्या घरातल्या मुलीने हे ऐकवावे, हा कादंबरीचा मध्यबिंदू आहे.

तिसरी मागणी, ५८ व्या प्रकरणातली, वाचकाने स्वतःच वाचावी; त्यात शब्द फार थोडे आहेत. फक्त एवढे लक्षात ठेवावे की मुलीचा होकार मिळाल्यावर पुरुषाने तिच्या वडिलांकडे जायचे असते, आणि एकदा शब्द दिला की पुरुषाला अब्रूने मागे फिरता येत नसे. मुलीला येत असे. बिंगलीने शब्द दिला नव्हता, म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार करायला जेनकडे काहीच नव्हते.

मधे एक गमतीची जागा आहे ती चुकवू नये. बिंगली आणि जेन यांना एकटे सोडावे म्हणून मिसेस बेनेट आपल्या किटी या मुलीकडे पाहून डोळे मिचकावत राहतात, आणि किटी भाबडेपणाने मोठ्याने विचारते की आई, तू सारखी माझ्याकडे पाहून डोळे का मिचकावतेस?

आठवी पायरी : पळून जाण्याचा अर्थ

लिडिया विकमबरोबर पळते तेव्हा सगळे स्कॉटलंडचे नाव काढतात. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाह कायद्याने चर्चमध्ये तीन रविवारी जाहीर पुकारा किंवा परवाना आवश्यक केला होता, आणि २१ वर्षांखालील मुलीला परवान्याने लग्न करायचे तर वडिलांची संमती लागे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून सीमेवरचे ग्रेटना ग्रीन पळणाऱ्यांचे ठिकाण झाले. बेनेट कुटुंबाची खरी धास्ती ती दोघे तिकडे गेलीच नाहीत ही आहे. लग्नाविना लंडनमध्ये एकत्र राहणे म्हणजे उरलेल्या चार बहिणींच्या लग्नाचाही प्रश्न. विकमचे १,००० पौंडांहून अधिक कर्ज कोणी फेडले, हे कादंबरीत हळूहळू कळते.

शेवटचा सराव

एवढे झाल्यावर ५४ वे प्रकरण उघडावे आणि कोणाच्याही मदतीशिवाय वाचावे. लाँगबर्नला मोठे जेवण आहे. बिंगली क्षणभर घुटमळतो आणि जेनच्या शेजारी बसतो. डार्सीला मानाची जागा मिळते, म्हणजे मिसेस बेनेट यांच्या बाजूला, एलिझाबेथपासून टेबल जितके लांब ठेवू शकेल तितक्या लांब. जेवणानंतर पुरुष दिवाणखान्यात येतात तेव्हा जेन चहा करीत असते, एलिझाबेथ कॉफी ओतत असते आणि बायकांनी टेबलाला असा गराडा घातलेला असतो की एक खुर्ची शिरायला जागा नाही. डार्सी कप घेऊन दूर जातो. थोड्या वेळाने तो रिकामा कप स्वतः परत आणून देतो. ती विचारते, तुमची बहीण अजून पेम्बर्लीलाच (डार्सीच्या घरी) आहे का? तो म्हणतो, हो, नाताळपर्यंत राहील. मग तो काही मिनिटे तिच्याजवळ गप्प उभा राहतो, कोणीतरी मुलगी तिच्या कानाशी कुजबुजू लागते आणि तो निघून जातो. पुढे मिसेस बेनेट त्याला पत्त्यांच्या टेबलावर ओढतात, एलिझाबेथ दुसऱ्या टेबलावर बसते, आणि त्याची नजर इतक्या वेळा तिच्या बाजूला वळते की दोघेही सारखेच हरत राहतात.